संशोधन किती तऱ्हांचे असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर शिक्षण संपत आलेले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि निवृत्तीनंतर अभ्यासाकडे वळलेले काही वाचक संशोधनाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे शक्यतो पुण्याची आणि महाराष्ट्राची घेतली आहेत, कारण रेडिओ दुर्बिणीपासून हस्तलिखितांच्या चिकित्सेपर्यंत संशोधनाच्या कितीतरी तऱ्हा आपल्याकडेच पाहायला मिळतात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अभ्यास आणि संशोधन यांत फरक काय? भरपूर वाचून चांगले टिपण काढले, तर ते संशोधन होत नाही का?

वाचन आणि टिपण ही संशोधनाची पूर्वतयारी आहे आणि ती टाळता येत नाही. पण तेवढ्याने संशोधन होत नाही. संशोधनासाठी असा नेमका प्रश्न हवा की ज्याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही, आणि आपण दिलेल्या उत्तराला असा पुरावा हवा की त्या विषयातील दुसरा जाणकार तो स्वतः तपासून पाहू शकेल. पानिपतच्या लढाईवर दहा पुस्तके वाचून अकरावे लिहिणे हे लेखन झाले. लढाईच्या आधीच्या महिन्यांत मराठ्यांच्या छावणीला रसद कोणत्या वाटेने येत होती आणि ती नेमकी केव्हा तुटली, हे उपलब्ध पत्रांच्या तारखा जुळवून ठरवणे हे संशोधन. पुरावा कशाला म्हणायचे, हे मात्र प्रत्येक विद्याशाखा आपल्या विषयाच्या स्वरूपाप्रमाणे ठरवते, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरतात.

२. विज्ञानात शोध लागतात हे समजते. संस्कृत, इतिहास किंवा साहित्य या विषयांत शोधण्यासारखे काय असते? ते मतांचे विषय नाहीत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध पोथ्या ताडून ठरवलेली संहिता, तयार करण्याचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. शतकानुशतके हाताने नकला होत आल्यामुळे महाभारताच्या पोथ्यांमध्ये हजारो ठिकाणी फरक पडला होता. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथी, बंगालची पोथी आणि मलयाळम लिपीतील पोथी या एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत, आणि उत्तरेची व दक्षिणेची परंपरा तर बरीच वेगळी आहे. या कामासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली.

पद्धत पाहिली म्हणजे शंका उरत नाही. कागदाच्या माथ्यावर एक श्लोक सुटासुटा लिहायचा, खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ ठेवायची, आणि ज्या पोथीत जेथे पाठ, म्हणजे त्या जागचे शब्द, वेगळा असेल तेथे त्या अक्षराखाली तो नोंदवायचा. मग कोणत्या पोथ्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात हे त्यांतील समान चुकांवरून ठरवायचे. ज्या परंपरांचा एकमेकींशी संबंध आलेला दिसत नाही, त्यांच्यात एखादा पाठ सारखाच आढळला, तर तो जुना असण्याची शक्यता वाढते. सोपा आणि अवघड असे दोन पाठ समोर आले, तर अवघड पाठाकडे अधिक गांभीर्याने पाहायचे. कारण नकलाकार अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द सहसा अवघड करत नाही. या आवृत्तीचे संपादक डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या आवृत्तीत ही तत्त्वे काटेकोरपणे मांडली. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही घराघरांत माहीत असलेली कथा या कसोट्यांना उतरली नाही, म्हणून संपादकांनी ती मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात दिली. संपादकांची श्रद्धा किंवा आवड येथे आड आली नाही. पोथ्यांचा पुरावा निर्णायक ठरला. शिवाय ग्राह्य न धरलेले पाठही तळटीपांत जसेच्या तसे छापलेले असल्यामुळे, ज्याला निर्णय पटत नाही त्याला तो पुन्हा तपासता येतो. याहून पारदर्शक पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेत क्वचितच सापडेल.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. या आवृत्तीतील संहिता म्हणजे 'व्यासांचे मूळ शब्द' नव्हेत. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते, तितकी जुनी संहिता, एवढाच तिचा दावा आहे.

३. प्रयोग हा विज्ञानाचा पाया आहे असे शाळेत शिकवले. मग ताऱ्यांवर प्रयोग करता येत नसताना खगोलशास्त्र विज्ञान कसे?

विज्ञानाची सगळी क्षेत्रे प्रयोगावर उभी नाहीत. खगोलशास्त्र, हवामानशास्त्र, भूशास्त्र आणि उत्क्रांतीचा अभ्यास यांत निसर्गाने जे घडवले आहे तेच पाहावे लागते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही रेडिओ दुर्बीण याचे उत्तम उदाहरण आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि १६ तीन भुजांवर पसरलेल्या आहेत, त्यामुळे साऱ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर पसरलेली एकच दुर्बीण असल्यासारखे काम करतात. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना बारीक छिद्रे जाणवत नाहीत, म्हणून तबकड्या भरीव पत्र्याऐवजी तारेच्या जाळीच्या केल्या. त्यामुळे वजन कमी झाले, वाऱ्याचा भार कमी झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला.

अशा विज्ञानात खात्री येते ती स्वतंत्र पुनरावृत्तीने. २०२३ साली स्पंदक ताऱ्यांच्या (ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या) ठोक्यांतील सूक्ष्म फरकांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाश-काळातील तरंगांचे, संकेत मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा युरोपीय गटाबरोबर काम करणाऱ्या भारतीय गटाने खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे वापरली होती. त्याच सुमारास उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील गटांनीही आपापल्या दुर्बिणींतून तसेच संकेत मिळाल्याचे मांडले. वेगळी उपकरणे, वेगळी माणसे आणि तरीही एकाच दिशेचा निष्कर्ष, याला येथे प्रयोगाइतकेच मोल आहे.

४. गणितात आता नवे काय राहिले आहे? आणि संगणक असताना सिद्धता हवीच कशाला?

गणितात सुटलेल्या प्रश्नांपेक्षा न सुटलेले प्रश्न अधिक आहेत, आणि त्यांतील काही शाळकरी मुलालाही समजतील असे आहेत. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर यांनी दाखवलेला एक गुणधर्म पाहा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा आणि तेच पुन्हा करत राहा. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ केले तरी पुन्हा ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे पोहोचते.

चार अंकी संख्या मोजक्याच असल्यामुळे त्या सर्व तपासून पाहता येतात आणि तेथे तपासणी हीच सिद्धता होते. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाखचे अनुमान मात्र तसे नाही. संगणकाने ते ४ वर १८ शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासले आहे आणि कोठेही अपवाद आढळलेला नाही. तरीही गणितज्ञ ते सिद्ध झाले असे म्हणत नाहीत, कारण संख्या अनंत आहेत. जीवशास्त्रात एवढी उदाहरणे जुळली असती तर शंका घेणारा कोणी उरला नसता.

५. उत्खनन केले की जागा कायमची विस्कटते. मग पुरातत्त्वातले निष्कर्ष दुसऱ्याने तपासायचे कसे?

शंका अगदी योग्य आहे. एकदा काढलेला मातीचा थर पुन्हा रचता येत नाही, म्हणूनच पुरातत्त्वात नोंद हा पुराव्याचा प्राण असतो. कोणती वस्तू कोणत्या चौकोनात, कोणत्या थरात, किती खोलीवर आणि कशाशेजारी मिळाली हे नोंदले नसेल, तर सुंदर घडासुद्धा अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुका होतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळातील (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने सापडली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत लहानग्याची हाडे, असे त्यांचे स्वरूप होते. प्रौढांच्या अनेक सांगाड्यांना घोट्याखालची पावले नव्हती. एवढे झाले निरीक्षण. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून पावले तोडली असावीत, हे अनुमान. अहवालात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असल्या, तर पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक निरीक्षण तसेच ठेवून अनुमान बदलू शकतो. त्याखेरीज हाडे, जळके धान्य आणि मातीचे नमुने जपून ठेवले जातात. खोदकामाच्या वेळी उपलब्ध नसलेल्या तंत्रांनी त्यांची तपासणी नंतर करता येते.

६. लोकांना प्रश्न विचारून केलेल्या संशोधनावर विश्वास कसा ठेवायचा? लोक तर काहीही सांगतात.

लोक काहीही सांगतात हे सामाजिक शास्त्रांतील संशोधकांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते आणि त्यांच्या पद्धतीचा मोठा भाग त्यावरच्या उपायांचा असतो. कोणाला विचारायचे हे सोयीने न ठरवता नमुना निवडीच्या नियमाने ठरवणे, तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारणे आणि सांगितलेले व नोंदींतले ताडून पाहणे, हे त्यांतील काही उपाय आहेत. जेथे हस्तक्षेपाचा परिणाम पाहायचा असतो तेथे तुलनेचा गट लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया बाळांची काळजी घेत होत्या आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. ती तुलनेची गावे नसती, तर 'त्या काळात सगळीकडेच परिस्थिती सुधारत होती' या आक्षेपाला उत्तर देता आले नसते.

दीर्घ मुलाखतींवर आधारलेले संशोधन वेगळ्या जातीचे असते. त्यातून टक्केवारी काढायची नसते. ऊसतोडीला जाणारी बाई आपल्या निर्णयांचा अर्थ कसा लावते, हे समजून घ्यायचे असते. पाच मुलाखतींवरून 'महाराष्ट्रातील स्त्रिया' असे विधान केले, तर दोष पद्धतीचा नसून विधान करणाऱ्याचा असतो.

७. माणसांवरील संशोधनाला परवानगी लागते म्हणतात. मी फक्त मुलाखती घेणार आहे, तरीही?

बहुतेक वेळा होय. वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि नैतिकता समितीची पूर्वमान्यता घ्यावी लागते. या समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याची जाण असलेली आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही असते. निव्वळ मुलाखतींच्या बाबतीत संस्थेगणिक नियम वेगळे आहेत. मात्र संमती, नाव गुप्त ठेवणे आणि केव्हाही माघार घेण्याची मुभा या गोष्टी कोठेही सुटत नाहीत. काम झाल्यावर मागाहून परवानगी घेऊ, असे कोणी सुचवले तरी ऐकू नये.

८. माझ्या मैत्रिणीचे रसायनशास्त्रात चार वर्षांत पाच शोधनिबंध झाले. इतिहासात माझा एकच लेख आहे. मी मागे पडले आहे का?

नाही, आणि अशी तुलना करणाऱ्यांना तसे स्पष्ट सांगायला हवे. रसायनशास्त्रात गटाने काम होते आणि निष्कर्ष छोट्या निबंधांतून बाहेर येतात. इतिहासात एकट्याने वर्षानुवर्षे दफ्तरे वाचावी लागतात आणि फळ बहुधा ग्रंथाच्या रूपाने येते. लेखकांच्या नावांचे संकेतही वेगळे असतात: जीवशास्त्रात पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते, तर गणितात नावे सहसा आडनावांच्या वर्णानुक्रमे येतात. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांच्या त्या निबंधात प्रत्यक्ष मजकूर आणि संदर्भ अवघ्या ९ पानांत होते, उरलेली पाने नावांनी आणि संस्थांनी भरली होती. शोधनिबंधांची संख्या किंवा उद्धरणांवर (इतरांनी त्या निबंधाचा किती वेळा संदर्भ दिला यावर) आधारलेले निर्देशांक एकाच विषयात, एकाच वयोगटातसुद्धा जपून वापरावे लागतात. दोन विषयांमध्ये ते लावणे सरळसरळ चूक आहे, आणि नेमणुकांच्या वेळी ते तसे लावले जातात हे मानव्यविद्यांचे मोठे नुकसान आहे.

९. काही संशोधन प्रकल्प पिढ्यान्पिढ्या चालतात. हा पैशांचा अपव्यय नाही का?

डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली सुरू झालेला संस्कृत महाकोशाचा प्रकल्प बहुधा आपल्या मनात असावा. त्यात सुमारे पंधराशे ग्रंथांतून प्रत्येक शब्दाचे प्रयोग चिठ्ठ्यांवर उतरवले गेले आणि अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि इतकी वर्षे होऊनही छापील काम 'अ' या अक्षरातच आहे. ऐकणाऱ्याला हे विलक्षण वाटते. पण या कोशात प्रत्येक अर्थ कोणत्या ग्रंथात प्रथम दिसतो आणि पुढे कसा बदलतो, हे कालक्रमाने दाखवायचे आहे. आणि एकट्या 'अ' खाली नकारार्थी समासांची अफाट संख्या येते. शिवाय त्या चिठ्ठ्यांचा संग्रह स्वतःच एक साधन आहे आणि खंड पूर्ण होण्याआधीही अभ्यासकांना उपयोगी पडतो. मनुष्यबळ पुरेसे मिळते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो संबंधितांना जरूर विचारावा. विषयाला लागणारा वेळ आणि व्यवस्थेमुळे लागणारा उशीर या दोन गोष्टी मात्र एकत्र करू नयेत.

१०. अपेक्षित निष्कर्ष आला नाही, तर संशोधन वाया गेले असे समजायचे का?

प्रश्न नीट विचारला असेल आणि पद्धत चोख असेल, तर 'नाही' हेही पूर्ण उत्तर असते. प्रा. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. पत्रिका हुशार मुलाची आहे की मतिमंद मुलाची, हे ज्योतिषांनी ओळखायचे होते. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या होत्या, उत्तरे पाठवणारे २७ जण होते आणि सरासरी अचूकता ४६ टक्के आली. नाणे उडवून ५० टक्के येते. निष्कर्ष नकारात्मक असला तरी माहिती नेमकी मिळाली.

सिद्धांत मागे पडला तर? विश्वाला आरंभ नाही आणि ते कायम सारखेच दिसते, असे सांगणाऱ्या ज्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूने नारळीकरांनी आयुष्यभर काम केले, तो १९६५ साली जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाच्या (आकाशात सर्व दिशांनी येणाऱ्या मंद रेडिओ प्रारणाच्या) शोधानंतर बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी सोडून दिला. तरीही त्या सिद्धांताने ठाम, तपासता येतील अशी भाकिते केली आणि महास्फोटाच्या प्रतिस्पर्धी सिद्धांताला आपला पुरावा घट्ट करायला लावला. नकारात्मक निष्कर्ष छापायला नियतकालिके फारशी उत्सुक नसतात, ही अडचण मात्र खरी आहे; म्हणून प्रबंधात ते सविस्तर नोंदवावेत.

११. दोन विषयांच्या सीमेवर काम करू का? मार्गदर्शक म्हणतात, 'ना धड इकडचा राहशील, ना तिकडचा.'

मार्गदर्शकांचा इशारा निराधार नाही, कारण पदे आणि परीक्षक विषयवार असतात. तरीही गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे काम येथे आठवावे. व्यवसायाने ते गणिती होते. प्राचीन आहत (ठसे मारून केलेल्या) नाण्यांचा काळ ठरवताना त्यांनी असा विचार केला की नाणे जितके हातांतून फिरते तितके झिजते. म्हणून चालू चलनातील हजारो नाण्यांची वजने करून त्यांनी आधी झिजेचा हिशेब बसवला आणि मग तो तक्षशिलेच्या नाण्यांना लावला. हे शक्य झाले, कारण संख्याशास्त्र आणि नाणकशास्त्र या दोन्हींच्या कसोट्यांना त्यांनी स्वतःला उतरवले. दुसऱ्या विषयाची परिभाषा उसनी घेणे सोपे असते, त्या विषयाची शिस्त स्वीकारणे अवघड. ती तयारी असेल तर दोन्ही विषयांचे सहमार्गदर्शक मागून घ्यावेत.

१२. पीएचडीला किती वर्षे लागतात? शोधनिबंध छापून येणे सक्तीचे आहे का? प्रबंध मराठीत लिहिता येतो का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. महिला आणि दिव्यांग उमेदवारांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती या नियमांत नाही, तरी काही संस्था आपली अट घालतात. मराठीतून प्रबंध लिहिता येतो का, हे विषय आणि विद्यापीठ यांवर अवलंबून आहे. सामाजिक शास्त्रांत आणि मानव्यविद्यांत ही मुभा असेल तर ती अवश्य घ्यावी, कारण मराठी साधनांवरचे काम मराठीत लिहिताना विचार अधिक नेमका होतो. नोंदणीच्या वेळीच भाषेचा पर्याय लेखी नोंदवून घ्यावा.

१३. पीएचडी नसताना, नोकरी करत संशोधन करता येते का?

येते, पण सर्व विषयांत नाही. प्रश्न ४ मध्ये आलेले कापरेकर आयुष्यभर शाळाशिक्षक होते; १९७५ साली एका अमेरिकन विज्ञान मासिकातून त्यांचे काम जगभर पोहोचले. गणित, स्थानिक इतिहास, बोलींचा अभ्यास, पक्षी आणि वनस्पतींच्या नोंदी या क्षेत्रांत स्वतंत्र अभ्यासकाला खरोखर जागा आहे. विषाणूंवर किंवा कणभौतिकीत घरी काम होऊ शकत नाही. स्वतंत्र अभ्यासकाची खरी उणीव पदवीची नसते, चुका दाखवणाऱ्या सोबत्यांची असते. म्हणून एखाद्या मंडळाच्या वाचनसत्रांना नियमित जावे आणि निष्कर्ष वर्तमानपत्राला देण्याआधी जाणकारांपुढे ठेवावा.

१४. आमच्या घरी माळ्यावर जुने मोडी कागद आहेत. ते संशोधनाला उपयोगी पडतील का?

बहुधा पडतील. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अशीच खासगी दफ्तरे मिळवली होती आणि १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असे पुष्कळ कागद आज जतन केलेले आहेत. ऐतिहासिक व्यक्तीचे नाव नसले तरी निराश होऊ नये. सावकाराची वही, लग्नातल्या खर्चाची यादी किंवा धान्याचे भाव यांतून जे कळते, ते राजपत्रांतून कळत नाही.

कागदांना प्लास्टिकचे आवरण चढवू नये, चिकटपट्टी लावू नये आणि घड्या जोराने उलगडू नयेत. रुमालात बांधलेले कागद ज्या क्रमाने असतील त्याच क्रमाने राहू द्यावेत, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हाही पुरावाच आहे. प्रश्न ५ मध्ये मातीच्या थराविषयी सांगितले तेच येथे लागू पडते. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. ते कागद कोणत्या घराण्याचे, कोणत्या गावचे आणि आपल्याकडे कसे आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. जमिनीच्या किंवा वतनाच्या चालू वादाशी संबंधित कागद असतील, तर ते कोणाच्या हाती देण्यापूर्वी आपल्या वकिलांना दाखवावेत, आणि संस्थेला दिल्यास प्रत्येक कागदाचा उल्लेख असलेली पोच घ्यावी.